सोलापूरच्या थंडीत गच्चीवर कोणत्या भाज्या लावाव्यात?

आपल्याकडे थंडी हाच भाजीपाल्याचा खरा हंगाम, तेव्हा बिनधास्त लावा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा सगळ्यांत सोपे. मेथी तर महिनाभरात खुडायला येते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने हलके रगडा, प्रत्येक दाण्याच्या दोन डाळ्या व्हायला हव्यात. मग रात्रभर भिजवून पेरा.

मातीकडे मात्र नीट लक्ष द्या. आपली काळी माती नुसती कुंडीत भरली तर पाणी दिलं की चिखल, वाळली की भेगा. मी निम्मी माती आणि निम्म्यात शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेते.

माझा सगळ्यांत लाडका वाटाणा. ऑक्टोबरअखेर लावला की जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या सुमारास वेल शेंगांनी लगडतो, भोगीच्या भाजीला घरचे कोवळे दाणे! उशीर करू नका, फेब्रुवारीत ऊन तापलं की फुलं गळायला लागतात.

पाणी सकाळीच द्या. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. पानांच्या खालच्या बाजूनेसुद्धा, तो तिथेच लपतो.