वाचकांचे प्रश्न : तारे, ट्रायपॉड आणि छोटा मिररलेस

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा छोटा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १६-५० पॉवर झूम (मोटरवर चालणारी झूम) लेन्स आहे. बदलापूरजवळच्या वांगणीला १६ एमएम, एफ ३.५ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि ३० सेकंदांवर ताऱ्यांचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसले, पण घरी मोठे करून पाहिले तर प्रत्येक तारा फुगलेला आणि लांबट. लेन्स बदलावी का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : लेन्स तूर्त राहू द्या. हे दोन वेगळे दोष आहेत. तारा लांबट आला तो एक्स्पोजर जास्त झाल्यामुळे, फुगला तो फोकस चुकल्यामुळे.

आधी वेळ. एपीएस-सी सेन्सर लहान असतो, म्हणून १६ ला दीडने गुणायचं, की २४. ५०० ला २४ ने भागलं की साधारण २१ सेकंद येतात; तारा लांबट न येता शटर उघडं ठेवायची ही जास्तीत जास्त वेळ. पण २४ मेगापिक्सेलची फाइल शंभर टक्के मोठी करून पाहणाऱ्याला हा जुना हिशेब पुरत नाही. ५०० च्या जागी ३०० धरा, म्हणजे १३ सेकंद. उजेड निम्म्याहून कमी होईल, म्हणून आयएसओ ६४००. मृगाच्या बाजूला तारे सर्वांत भरभर सरकतात. ध्रुवाजवळ २० सेकंदही खपून जातात.

खरी मेख फोकसमध्ये आहे. ऑटोफोकस बंद करा. व्याध किंवा गुरू स्क्रीनच्या मधोमध आणा, मॅग्निफाय करा आणि रिंग अगदी हळू फिरवा. तारा बारीक होत जातो, मग पुन्हा फुगायला लागतो. तिथून किंचित मागे या. बरोबर जागी आलात की आजूबाजूचे मंद तारे, जे आतापर्यंत दिसतच नव्हते, ते उमटतात. ठळक तारा नसेल तर दूरच्या टॉवरचा लाल दिवा घ्या, पण तो किलोमीटरभर तरी लांब हवा.

इथवर सगळं बरोबर करूनही रात्र वाया जाते ती पॉवर झूममुळे. कॅमेरा झोपला की लेन्स आत जाते आणि उठल्यावर फोकस पहिल्या जागी राहत नाही. म्हणून पॉवर सेव्ह बंद करा किंवा ३० मिनिटांवर ठेवा, फोकसनंतर झूमला हात लावू नका आणि दर अर्ध्या तासाने एक फोटो मोठा करून तपासा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). स्क्रीनचा ब्राइटनेसही सर्वांत कमी करा. अंधारात ती काळा फोटोही उजळ दाखवते; विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर ठेवा.

ग्रेन, म्हणजे नॉइजचा दाणेदारपणा, जास्त वाटला तर लागोपाठ १६ फोटो काढून सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा, नॉइज साधारण पाव उरतो. एवढं जमल्यावरच १२ एमएम एफ २ ची मॅन्युअल लेन्स घ्यायचा विचार करा. ती एफ ३.५ च्या तिप्पट उजेड देते.

प्रश्न : आमच्या गच्चीतून आकाशगंगा कधी दिसेल? लाइट पोल्युशन फिल्टर घेऊन उपयोग होईल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : गच्चीतून नाही, आणि फिल्टरने तर नाहीच. हे फिल्टर मुख्यतः सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अडवतात. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी आले. त्यांचा उजेड जवळजवळ सगळ्या रंगांत पसरलेला असतो. ते पैसे पेट्रोलला ठेवा.

अमावास्येच्या आगेमागे मुरबाड-माळशेजच्या बाजूला किंवा वांगणीला जा. वांगणीत बदलापूरचा उजेड वायव्येला, म्हणजे पाठीमागे राहतो, आणि आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सर्वांत उजळ भाग, आग्नेयेला उगवतो. मार्चच्या मध्यावर पहाटे तीन-साडेतीननंतर तो हाती लागतो. मेच्या मध्यावर पावणेतीनच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ४२ अंशांवर असतो, पण तेव्हा दमट धूसरपणा आणि ढग आडवे येतात. आमची पसंती मार्च-एप्रिललाच. ठाण्याचं येऊर जवळ पडलं तरी ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, रात्री जायची जागा नव्हे.

गच्चीतून काढायचंच तर जानेवारी-फेब्रुवारीत मृग आणि कृत्तिका घ्या. आयएसओ ८०० आणि ८-१० सेकंदांपासून सुरुवात करा. आकाश पांढरं पडलं तर आधी आयएसओ उतरवा.

प्रश्न : स्टार ट्रेलमध्ये, म्हणजे तारे सरकल्याच्या रेघांच्या फोटोत, रेघा सलग येत नाहीत, तुटक येतात.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधला नॉइज कमी करणारी सेटिंग) चालू राहिलंय. ३० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंद घेतो, तेवढा तारा पुढे जातो. ते बंद करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत इंटरव्हल एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्या फोटोच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, त्यामुळे ३० सेकंदांच्या फोटोला ३० चा इंटरव्हल दिला तर फोटो गळतात, ३३ द्या. तासाभरात शंभरावर फोटो होतात आणि रेघ १५ अंशांची येते. फोटो जोडणाऱ्या स्टारस्टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये 'गॅप फिलिंग' (फटी भरणं) आहे, पण अर्ध्या मिनिटाची फट त्याने नीट भरत नाही.

ध्रुवाभोवतीची वर्तुळं हवी असतील तर लक्षात ठेवा, ऐरोलीहून ध्रुव जेमतेम १९ अंशांवर असतो. उत्तरेला इमारत आली की संपलं.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : कपाटातल्या बॅगेत ठेवू नका, बुरशीला तीच जागा आवडते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला, ते तापवून पुन्हा वापरता येतात. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका. कॅमेरा खोलीतच झिप पिशवीत घाला आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या.