चुंबकीय नॅनोकणांच्या संशोधनासाठी जर्मनीत यावे का?

लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर) पुण्यात पीएच. डी. करून पत्नी व नऊ वर्षांच्या मुलीसह जर्मनीत यावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांत मी जात नाही.

प्रतिमांकनाचे, म्हणजे शरीराच्या आतील चित्र टिपण्याचे काम मिळत असेल तर अवश्य या. शरीरात सोडलेल्या चुंबकीय कणांचाच संकेत थेट टिपण्याचे तंत्र हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतून 2005 मध्ये पुढे आले. ऊतींचा स्वतःचा संकेत त्यात येत नसल्याने पार्श्वभूमी कोरी राहते, आणि क्ष-किरणही लागत नाहीत.

उष्मोपचाराचे मात्र वेगळे आहे. कर्करोगाच्या गाठीत कण टोचून सुमारे 100 किलोहर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राने ते तापवायचे आणि त्या उष्णतेने गाठ मारायची, ही कल्पना प्रबंधात देखणी दिसते. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीला मेंदूतील गाठींसाठी 2010 मध्ये युरोपीय मान्यता मिळाली आणि 2022 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची वेळ आली. कण गाठीतच राहत असल्याने नंतर त्या भागाचा एमआरआय नीट वाचता येत नाही, शिवाय उपचारापूर्वी दातांत भरलेला धातूही काढावा लागतो. गावाकडून फोन येतो, ‘तुमच्या त्या कणांचा मावशीला उपयोग होईल का?’ नाही, असे सांगताना मला आजही अवघडते. इतकी वर्षे आपण नेमके कोणासाठी खपलो, हा प्रश्न त्या रात्री झोपू देत नाही.

करार बहुधा प्रकल्पाच्या निधीपुरता असतो आणि पीएच. डी. नंतरच्या मुदतबंद नेमणुकांना कायद्याने सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मर्यादा आहे. प्रत्येक नूतनीकरणाबरोबर निवास परवान्याची मुदतही टांगणीला लागते. एकदा तर विवाहाच्या दाखल्याचे प्रमाणित भाषांतर ‘जुने झाले’ म्हणून मला परत पाठवले होते. लग्न जुने होते, हे मी मान्य केले!

एकटेपणा असतो, त्याचे फार कौतुक नको. मुलीच्या शाळेचे मात्र आधी पाहा. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळेची वाट ठरते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. माझ्या मुलाला गणित उत्तम येत असूनही जर्मन कच्ची म्हणून विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची शिफारस नाकारली गेली, आणि ते शल्य अजून गेलेले नाही. नऊ वर्षांच्या मुलीसाठी ती दोन वर्षे मोलाची आहेत, म्हणून बर्लिनचा पर्याय असेल तर वेतन थोडे कमी असले तरी तोच घ्या. मुलाखतीत निधी कधी संपतो आणि प्रकल्पात रुग्णालय सहभागी आहे का, हे दोन्ही स्पष्ट विचारा.