जंगलातल्या केल्टिक गावात माणसं भेटतात कुठे?

प्रश्न : मी एक फँटसी कादंबरी लिहितेय. गाव केल्टिक (युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांच्या) धाटणीचं, दाट जंगलातलं, ड्रुइड म्हणजे त्यांचे पुजारी आहेत, बोलणारी झाडं आहेत. पण माझी पात्रं भेटायची म्हटली की दरवेळी टॅव्हर्नमध्येच, म्हणजे दारूच्या गुत्त्यातच, जाऊन बसतात, गाव नकली वाटायला लागलंय. रोजचं जगणं कसं दाखवू?

उत्तर : टॅव्हर्न सरळ काढून टाका, काही बिघडत नाही. अशा गावात माणसं गप्पा मारायला म्हणून बाहेर पडत नाहीत, ज्या कामाला दोन हात पुरत नाहीत तिथे ती आपोआप जमतात, आणि तुमचे सगळे सीन तिथेच आहेत.

आयर्लंडमध्ये हजारो ठिकाणी जळक्या, फुटक्या दगडांचे नालाच्या आकाराचे ढिगारे सापडतात, त्यांना फुलाख्त फिआ म्हणतात. मधे जमिनीत लाकडी हौद, शेजारी आगटी, आगटीत दगड लाल होईपर्यंत तापवायचे आणि पाण्यात टाकायचे. 1950च्या दशकात कॉर्क परगण्यात संशोधकांनी हे स्वतः करून पाहिलं, तर साधारण साडेचारशे लिटर पाणी अर्ध्या तासात उकळलं आणि गवतात गुंडाळलेली साडेचार किलोची मटणाची तंगडी पावणेचार तासांत शिजली. हे हौद बहुतेक कांस्ययुगातले, म्हणजे आपण ज्यांना केल्ट म्हणतो त्यांच्या बऱ्याच आधीचे, पण कल्पनेतल्या गावाला ते नक्की चालतील. ते फक्त स्वयंपाकाला होते, की आंघोळीला, की लोकर धुवायला, यावर अजून वाद आहे, तुम्ही तिन्ही कामं तिथेच करून घ्या ना! आता बघा, पावणेचार तास मटण शिजतंय, कुणीतरी दगड फिरवत बसलंय, थंडीत गरम दगडांच्या ढिगाला पाठ टेकून म्हातारी माणसं बसलीयत, पोरं लाकडं आणतायत, पाण्यात दगड पडला की चर्र आवाज होऊन वाफेत समोरच्याचं तोंडसुद्धा दिसेनासं होतं. तुमच्या नायिकेला कुणाला गुपचूप काही सांगायचं असेल तर यापेक्षा चांगला क्षण मिळणार नाही.

परक्या माणसाला उतरायला जागा हवीच असेल तर जुन्या आयरिश कायद्यात ब्रिउगू नावाचा माणूस आहे. हा श्रीमंत शेतकरी, पण त्याचं घर येणाऱ्या कुणालाही उघडं, कढई कायम तयार, पैसे घ्यायचे नाहीत आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. या पाहुणचाराच्या जोरावर त्याचा मान छोट्या राजाच्या बरोबरीला जायचा. तेव्हा ज्या रात्री त्याच्या कढईत काहीच उरलं नाही आणि दारात पाहुणा उभा आहे, ती रात्र लिहा, मला तरी ती वाचायला खूप आवडेल.

आणि गाव वर्षभर सारखं भरलेलं ठेवू नका. मेच्या सुरुवातीला बेल्टेनचा सण, तेव्हा गुरांना रोगराई होऊ नये म्हणून दोन आगींच्या मधून हाकायचे, मग तरुण मंडळी गुरं घेऊन उंचावरच्या कुरणात राहायला जायची ती नोव्हेंबरच्या तोंडावर, साउनच्या सणाच्या सुमाराला परत. (साउन म्हणजे सॅमहेन, स्पेलिंग बघून तसं वाचलं जातं इतकंच.) म्हणजे उन्हाळ्यात गावात म्हातारे आणि लहान मुलं, प्रेमप्रकरणं सगळी वर कुरणात, आणि गोष्टी सांगायचा हंगाम हिवाळ्याचा, साउन ते बेल्टेन, जेव्हा सगळे परत एका आगटीभोवती असतात.

प्रश्न : गोल झोपड्यांवर धुराडी दाखवली तर चालतील का? माझ्या गेमसाठी चित्रं काढतोय.

उत्तर : नको. छपराला भोकसुद्धा नको. इंग्लंडमध्ये बट्सर इथे 1972पासून लोहयुगातली घरं पुन्हा बांधून तपासतायत, तिथल्या अनुभवातून कळतं की वर भोक ठेवलं तर हवा खेचली जाऊन ठिणग्या वर उडतात, शाकारलेलं छप्पर पेटू शकतं. भोक नसलं की धूर वरच्या शंकूत साठतो आणि गवतातून झिरपत बाहेर जातो. त्यामुळे चित्रात अख्खं छप्परच सकाळी वाफाळल्यासारखं दिसू दे. आत माणसं खाली बसलेली, उभं राहिलं की डोळे चुरचुरणार, वर आढ्याला टांगलेलं मांस धुरात आपोआप टिकतंय.

भिंती कुडाच्या, हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणून वर माती. या काठ्या येतात कुठून, तर हेझल बुंध्याशी तोडायचं, फुटवे येऊ द्यायचे, साधारण सात ते दहा वर्षांनी परत तोडायचं. तेव्हा गावाभोवती लगेच घनदाट अरण्य काढू नका, आधी बुंध्यातून सरळ काठ्या फुटलेलं, वेगवेगळ्या उंचीचं हेझल, मग ओकखाली चरणारी डुकरं, आणि खरं जंगल त्याच्या पलीकडे.

प्रश्न : गावाची सभा ड्रुइडांच्या देवराईत भरवली तर ते फार फिल्मी होईल का?

उत्तर : अजिबात नाही, याला आधार आहे. आजच्या तुर्कस्तानात गलाती नावाचे केल्ट राहायचे, त्यांच्या सभेला 300 माणसं द्रुनेमेतोन नावाच्या ठिकाणी जमायची असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं लिहिलंय, आणि नेमेतोन म्हणजे पवित्र राई. खुनाचे खटले ही सभा चालवायची, बाकीचे वाद सरदार आणि न्यायाधीश बघायचे. म्हणजे तुमच्या देवराईत फक्त मंत्र नकोत, तिथे एखाद्या आईनं उभं राहून मुलाच्या खुनाचा न्याय मागायला हवा.

झाडांनाही कायद्यात जागा द्या. जुन्या आयरिश कायद्यात 28 झाडाझुडपांचे सात-सातचे चार वर्ग होते, सगळ्यात वरच्या वर्गाचं नाव 'वनातले सरदार', त्यात ओक, हेझल, होली, यू, अ‍ॅश, पाइन आणि रानसफरचंद. दुसऱ्याच्या जमिनीतलं असं झाड बेकायदा तोडलं तर दंड गाईगुरांत मोजायचे, आणि फांदी छाटली की बुंधा तोडला यावर तो कमीजास्त व्हायचा. तुमच्या गोष्टीत झाडं बोलतातच, मग खटल्याच्या दिवशी त्या तोडलेल्या ओकच्या शेजारचं झाड साक्षीला उभं करा.