मुंगसाने धरलेली कोंबडी कशी वाचवावी?

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहरापासून थोड्या अंतरावर राहतो. परसात पाच गावठी कोंबड्या आहेत. शेजारच्या शेतात ऊसतोड चालू असताना भरदुपारी मुंगूस आले आणि त्याने एका तलंगीला पाठीवर धरले. आरडाओरडा केल्यावर ते पळाले, पण पाठीची कातडी बरीच सोलली गेली आहे. कोंबडी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी आहे आणि काही खात नाही. कोणी जखमेत हळद भरा म्हणतात, कोणी आता ती कापून टाका म्हणतात. ती जगेल का? पुन्हा अंडी घालील का?
– एक वाचक, करवीर

उत्तर : कापण्याची घाई कृपया करू नये. कोंबडीच्या पाठीची कातडी पातळ आणि सैल असल्यामुळे ती फाटली की दृश्य भयंकर दिसते. परंतु खालचे मांस शाबूत असेल आणि जखम स्वच्छ राहिली, तर काही आठवड्यांत कडेकडेने नवी कातडी सरकत येऊन एवढी मोठी जागाही भरून निघते.

आपण वर्णन केलेली स्थिती ही धक्क्याची आहे आणि पहिल्या दिवशी औषधापेक्षा ऊब व शांतता अधिक महत्त्वाची आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान एरवीच ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धक्का बसल्यावर आणि पाठीची पिसे गेल्यावर ते टिकवणे तिला जड जाते, आणि ऊसतोडीच्या दिवसांत आपल्याकडची रात्र चांगलीच गार असते. तिला घरात, अंधाऱ्या जागी, खोक्यात स्वच्छ कापड अंथरून ठेवावे आणि खोक्याच्या एकाच बाजूला बल्ब लावावा, म्हणजे उकडू लागल्यास ती दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. मुलांना वारंवार पाहू देऊ नये. पाणी समोर ठेवावे, हवे तर त्यात पाकिटावरील प्रमाणाने ओआरएस मिसळावे. मात्र चोच उघडून पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत गेल्यास जखमेतून वाचलेली कोंबडी त्यानेच दगावते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. कोंबडी थोडी स्थिरावल्यावर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा, मीठ विरघळवून त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. हळद, राख, चुना किंवा तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीबद्दल आपल्या घरांत असलेला विश्वास मला ठाऊक आहे, पण उघड्या मांसावर तिचा थर बसला की खाली घाण अडकते आणि जखम आतून कशी आहे हे दिसत नाही.

मला अधिक काळजी सोललेल्या कातडीपेक्षा दातांच्या भोकांची वाटते. पाठीवर मोठी जखम दिसली की सर्वांचे लक्ष तिकडेच जाते, आणि पंखाखाली, मानेवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पिसांत दडलेले मुगाएवढे भोक राहून जाते. जनावराच्या तोंडातले जंतू मात्र अशाच भोकातून खोलवर जातात, वरचे तोंड मिटते आणि आत पू होतो. म्हणून उजेडात, पिसे ओली करून बाजूला सारत, सर्वांग बोटांनी तपासावे. कातडीखाली हवा भरून ती दाबल्यावर चुरचुरत असेल, खाल्लेले दाणे किंवा पाणी गळ्याजवळच्या जखमेतून बाहेर येत असेल, किंवा एकही खोल भोक सापडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना ठाऊक नसल्यास पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारता येईल. चाव्याची जखम पुष्कळदा टाके न घालता उघडीच ठेवतात, त्यामुळे डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून हयगय झाली असे समजू नये. आतडी बाहेर आली असतील किंवा कणा मोडून पाय लुळे पडले असतील, तर मात्र तिच्या यातना लांबवणे योग्य नव्हे.

घरातील दुखण्याची गोळी तिला अंदाजाने देऊ नये. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहे. ते दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली आणि म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

पुढचे काही दिवस माश्यांना जपावे. उबदार हवेत माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. खोक्यावर मच्छरदाणीचे कापड टाकावे, जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी आणि अळी दिसताच मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने काढावी. खाण्यासाठी भिजवलेले खाद्य आणि कुस्करलेले उकडलेले अंडे द्यावे.

आपल्या हातावर ओरखडे असतील आणि त्यांना मुंगसाची लाळ लागली असण्याची शक्यता असेल, तर हात साबणाने १५ मिनिटे धुऊन स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. मुंगसालाही रेबीज होतो.

अंडी काही आठवडे बंद राहतील, कारण आहारातील प्रथिने आधी कातडी व पिसांकडे जातात. पण बहुतेक कोंबड्या पुन्हा अंड्यावर येतात. प्रतिजैविक चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही तिची अंडी खाऊ नयेत.

उघडी लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात, त्यामुळे कातडी पूर्ण येईपर्यंत तिला वेगळे ठेवावे. मात्र ती खाऊ-पिऊ लागली आणि माश्यांचा धोका उरला नाही, की दिवसा इतरांच्या शेजारी डालग्याखाली ठेवावे, म्हणजे एकमेकींची ओळख तुटत नाही. खुराड्यात परत सोडताना संध्याकाळची वेळ निवडावी. त्याआधी खुराड्याला अर्धा इंची चौकोनांची वेल्डेड जाळी लावून ती वीतभर जमिनीत गाडावी, कारण एकदा शिकार सापडलेल्या जागी मुंगूस पुन्हा येते. त्याला मारणे किंवा सापळ्यात धरणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शेजारची तोड संपेपर्यंत कोंबड्या दुपारी बंद ठेवणे हाच सध्या खरा उपाय आहे.