डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन खेळायचा टेबलावरचा खेळ) मध्ये हाफ-ऑर्कचा विझार्ड चालेल का?

चालेल, बिनधास्त घे! आधी क्लास ठरव (विझार्ड म्हणजे जादूगार, हा एक क्लास), म्हणजे टेबलावर तुला काय करायला आवडेल ते. वंश (हाफ-ऑर्क, एल्फ वगैरे) नंतर.

डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांत हाफ-ऑर्कला स्ट्रेंग्थ (ताकद) +२, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +१ मिळतं. विझार्डला लागते इंटेलिजन्स (बुद्धी). तिथे तू १५ ठेवलेस, तर ती १५ वरच राहील, म्हणजे मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) +२. हाय एल्फला इंटेलिजन्स +१ मिळते, म्हणून त्याची १६ होते, मॉडिफायर +३. फरक एकाचा, वीस बाजूंच्या फाशावर फक्त पाच टक्के. चौथ्या लेव्हलला १५ ची १६ करता येतेच. आणि जास्तीचं कॉन्स्टिट्यूशन विझार्डला सोन्यासारखं. बिचाऱ्याचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) मुळातच कमी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- विषम आकड्यावर खूश होणं. १४ आणि १५ चा मॉडिफायर एकच! बोनस शक्यतो सम आकडा गाठायला वापर.
- कॉन्स्टिट्यूशनला ८ देणं. (मी दिले होते. पहिल्याच गॉब्लिनने आडवा केला.)
- दोन आवृत्त्यांची खिचडी. २०२४ च्या नियमांत हे बोनस वंशाकडून नाही, बॅकग्राउंडकडून येतात. दोन्हीकडून घ्यायचे नाहीत. कुठली आवृत्ती खेळताय ते डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधी विचार.

मल्टिक्लास (एकाच पात्राला दोन क्लास) सध्या डोक्यातही आणू नकोस.