ठेवायला स्वस्त, काढायला महाग

प्रश्न: माझा जिंतूरला फोटो स्टुडिओ आहे, लग्न-बारशाची कामं करतो. मागच्या पाच-सहा सीझनचा डेटा दीड टीबीच्या घरात गेलाय, सगळा एकाच हार्ड डिस्कवर, आणि ती आता कटकट आवाज करायली. पुण्यातला भाचा म्हणायलाय मामा, अॅमेझॉनच्या एसथ्रीवर (इंटरनेटवर डेटा ठेवायची भाड्याची जागा) टाका, जीबीला महिन्याला दोन रुपये, वापराल तेवढंच बिल. खरंच एवढं स्वस्त असतंय का?
– एक फोटोग्राफर, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर: आधी नवी डिस्क आणा आन् आजच कॉपी मारा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालतंय.

भाच्याचा आकडा खोटा नाही. मुंबई रीजनचा (म्हणजे डेटा मुंबईतल्या सेंटरवर ठेवायचा) साधा दर जीबीला महिन्याला ०.०२५ डॉलर आहे, म्हणजे दोन-सव्वादोन रुपये. पण तुमच्याकडं १,५०० जीबी आहेत ना! साडेसदतीस डॉलर झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला पावणेचार ते चार हजार आणि वर्षाला ४५ हजारांच्या पुढं. तेही फोटो नुसते पडून राहायचे.

मग भाचा म्हणेल, एसथ्रीतलंच ग्लेशियर डीप आर्काइव्ह घ्या, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाचं स्वस्त गोदाम. तिथं अमेरिकेतल्या रीजनला टीबीला महिन्याला जेमतेम एक डॉलर पडतो, तुमचं काम दीडशे रुपयांत भागतंय. इथंच माणूस फसतो, कारण हा भाव नुसता ठेवायचा आहे. उद्या डिस्क बसली आणि सगळा डेटा परत उतरवायचा म्हणलं तर महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढं जीबीला ०.०९ डॉलर, शिवाय आर्काइव्हमधून वर काढायचे वेगळे. सगळ्यात स्वस्त पद्धतीनं काढलं, ज्याला ४८ तासांपर्यंत थांबावं लागतंय, तरी टॅक्स धरून १३ हजारांच्या पुढं जातंय. आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केलं तरी पूर्ण १८० दिवसांचे पैसे लागतात. आपल्या धंद्यात अल्बम दिला की रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइल उडवायच्या असतात, त्यामुळं हा नियम नेमका आपल्यालाच लागू होतो.

अजून एक कोणी सांगत नाही. फाइल मोठी असली की अपलोड तुकड्या-तुकड्यानं होतंय. मधीच लाइट गेली (आपल्याकडं जातेच) की वर गेलेले तुकडे तिथंच राहतात, फाइलींच्या यादीत दिसत नाहीत पण त्यांचं भाडं चालू राहतंय. अर्धवट अपलोड काही दिवसांनी आपोआप काढून टाकायचा लाइफसायकल नियम लावता येतो, भाच्याला म्हणा पहिल्यांदा तो लाव. बजेट अलर्टवर (बिल ठरवल्यापेक्षा वाढलं की येणारी सूचना) पण लई विसंबू नका, तो नुसता मेल पाठवतो, मीटर थांबवत नाही. आणि दहा एमबीपीएसच्या अपलोड स्पीडनं दीड टीबी चढायला १४ दिवस लागतात, तेही रात्रंदिवस चालू ठेवलं तर.

म्हणून माझं मत असं, की एसथ्रीसारखं मीटरचं भाडं पाच-दहा जीबीवाल्याला परवडतंय, महिन्याला २०-३० रुपयांत काम होतंय. शंभर जीबी झाले की गूगलचा १३० रुपये महिन्याचा प्लॅनच त्याच्यापेक्षा निम्म्यात पडतो, आणि उतरवायचे वेगळे पैसे नाहीत. २ टीबी पण ६५० रुपयांत मिळतंय. तुमचा सगळा डेटा त्यात आज बसेल, पण अजून दोन सीझननी भरेल आणि भाडं मात्र जन्मभर चालू.

तुम्ही दोन डिस्क ठेवा, एक स्टुडिओत, एक घरी. क्लाऊडवर फक्त गिऱ्हाइकानं निवडलेले फोटो आणि अल्बमच्या फाइली टाका, त्याला शंभर जीबी बख्खळ होतात. आणि पावतीवरच छापा की डेटा ६ महिने ठेवू, नंतर जबाबदारी नाही. चार वर्षांनी नवरीचा मामा फोटो मागत येतो, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं भाडं कामून भरायचं?

प्रश्न: माझं सेवा केंद्र आहे. गूगलचे १५ जीबी भरले, मेल येणं बंद झालंय. पैसे भरू का?
– एक केंद्रचालक, औसा (जि. लातूर)

उत्तर: लगेच नको. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअप पण आता त्यातच धरतात. त्या बॅकअपमधून व्हिडिओ बंद करा, ड्राइव्हचा ट्रॅश रिकामा करा, तो ३० दिवस जागा खातो. आणि लोकांच्या आधार, सातबाऱ्याचे स्कॅन काम झालं की उडवायचे ओ, ते तुमच्या ड्राइव्हमध्ये ठेवायचं कारणच काय? एवढं करूनही भरलं तर मग वर सांगितलेल्या १३० रुपयांच्या शंभर जीबीवाल्या प्लॅनचा विचार करा.