कृत्रिम फुप्फुसावर काम सुरू करताना
महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत तुम्ही कृत्रिम फुप्फुसाचे काम हाती घेत आहात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र रक्तात प्राणवायू मिसळला की काम झाले, असे समजू नका. विश्रांतीत प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो आणि तेवढा आजची यंत्रे पुरवतात. खरी झुंज गुठळ्यांशी आहे, कारण यंत्रातील पोकळ तंतूंच्या, म्हणजे आतून वायू आणि बाहेरून रक्त वाहणाऱ्या बारीक नळ्यांच्या, जुडग्यात प्रवाह जिथे मंदावतो तिथे रक्त साकळते, आणि ते टाळायला हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध वाढवले की रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून आधी पारदर्शक नमुन्यात पाणी आणि ग्लिसरीनचे, रक्ताइतके दाट, रंगीत मिश्रण फिरवून प्रत्येक कोपरा तपासा. तंतू पॉलिमिथिलपेंटीन या प्लास्टिकचेच घ्या. सच्छिद्र पॉलिप्रॉपिलीनमधून कालांतराने रक्तद्रव पाझरतो. शक्य झाल्यास ठाण्यातील एखाद्या अतिदक्षता विभागात, परवानगी घेऊन, परफ्यूजनिस्टसोबत, म्हणजे ही यंत्रे रुग्णावर चालवणाऱ्या तंत्रज्ञासोबत, एक रात्रपाळी काढा.